जंतूला पाप-पुण्य कळत नाही

नागपुरात लैंगिक आजाराची भीती सगळ्यात जास्त कोणाला वाटते आणि प्रत्यक्षात धोका सगळ्यात जास्त कोणाला असतो, या दोन प्रश्नांची उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत. फुटाळा तलावाच्या काठावर मैत्रिणीचं चुंबन घेतलेला तरुण महिना-महिना नीट झोपत नाही. लग्नाला दहा-बारा वर्षं झालेली बाई मात्र अंगावरून घाण वासाचं पांढरं जात असताना, ओटीपोट दुखत असताना, ‘बायकांचं असतंच हे’ म्हणून पदर खोचून कामाला लागते. पहिल्याला होण्यासारखं जवळपास काही नसतं. दुसरीला तपासणीची खरी गरज असते, पण तिला कोणी तपासणी सुचवत नाही आणि तिच्या नवऱ्याला तर कोणी काही विचारतही नाही.

हा घोळ नुसत्या अज्ञानातून होत नाही. आपण धोका मोजतो तो अपराधीपणाने. जे केल्याची लाज वाटते त्यातून आजार होणार, आणि जे समाजमान्य आहे त्यातून होणार नाही, असं आपल्या मनाने धरून ठेवलेलं असतं. जंतूचा हिशेब अगदी वेगळा आहे. तो नातं पाहत नाही, लग्नपत्रिका पाहत नाही, वस्ती पाहत नाही. कुठला स्राव, किती, शरीराच्या कुठल्या भागाला लागला, एवढंच त्याच्या दृष्टीने महत्त्वाचं. हे दोन हिशेब वेगळे केल्याशिवाय लैंगिक आरोग्याबद्दलचं आपलं कुठलंही बोलणं कामाचं ठरणार नाही, असं मला वाटतं. यापुढे मी जे लिहिणार आहे ते राजीखुशीने जवळ आलेल्या प्रौढ माणसांबद्दल आहे, हेही आधीच सांगतो.

आधी त्या घाबरलेल्या तरुणाकडे पाहू, कारण तो प्रत्येक त्वचारोगतज्ज्ञाच्या ओळखीचा आहे. तो जांघेतलं गजकर्ण दाखवायला येतो. मलम लिहून घेतो, कागद घडी करून खिशात ठेवतो, उठतो, दाराशी जातो आणि दारात थांबून विचारतो, “सर, किस केल्यानं काही होते का?” ज्यासाठी तो आलेला असतो ते हे. गजकर्ण हे निमित्त. त्याचं पुढचं सगळं ठरलेलं असतं. मैत्रिणीच्या त्या भेटीनंतर आठवड्याभरात त्याचा घसा कोरडा पडतो, पोट बिघडतं, मानेत गाठ लागल्यासारखी वाटते. रात्री मोबाइलवर शोधलं की एचआयव्हीच्या सुरुवातीच्या लक्षणांत नेमकं हेच दिसतं. रामदासपेठेत, धंतोलीत पावलापावलावर लॅब आहेत. एकीत तपासतो. रिपोर्ट नॉन-रिॲक्टिव्ह येतो, पण कुठेतरी वाचलेलं असतं की इतक्या लवकर कळत नाही, म्हणून पुन्हा दुसरीकडे. मग तिसरीकडे. कुठलाच रिपोर्ट त्याची भीती घालवू शकत नाही, कारण ती भीती विषाणूची नसतेच. आपण काहीतरी वाईट केलं आणि त्याची शिक्षा व्हायलाच हवी, ही ती भीती असते.

या मुलाला ‘काही होत नाही, जा’ एवढं सांगून भागत नाही. त्याला कारण सांगावं लागतं. एचआयव्ही रक्तात, वीर्यात, वीर्याआधी येणाऱ्या चिकट द्रवात, योनिस्रावात, गुदमार्गातल्या स्रावात आणि आईच्या दुधात लागण होण्याइतक्या प्रमाणात असतो. लाळेत तो तेवढा नसतो, आणि लाळेतलेच काही घटक त्याला अडवतात. घाम, अश्रू, लघवी यांतून तो पसरत नाही. धडधाकट त्वचा त्याला आत येऊ देत नाही. शरीराबाहेर तो फार टिकत नाही. म्हणून चुंबन, मिठी, अंगाला अंग लागणं, कपड्यांवरून घासणं, एकमेकांना हाताने सुख देणं, एका ताटात जेवणं, एकच संडास वापरणं यांतून एचआयव्ही होत नाही. दोघांच्याही हिरड्यांतून भळाभळा रक्त येत असताना तोंडाला तोंड लागलं, अशी विरळातली विरळ परिस्थितीच यात अपवाद ठरू शकते. डासाने तर तो मुळीच पसरत नाही. मुखमैथुनात धोका अगदीच थोडा आहे.

आता थोडं गणित, कारण आकड्यांनी जे सुटतं ते धीर देऊन सुटत नाही. जोडीदाराला एचआयव्ही आहे, त्याचे उपचार चालू नाहीत आणि निरोध वापरलेला नाही असं धरलं, तर योनीसंबंधातून स्त्रीला लागण होण्याची सरासरी शक्यता दर 10,000 संबंधांमागे 8 आणि पुरुषाला 4 धरतात. गुदमैथुनात, आत घेणाऱ्या व्यक्तीसाठी हाच आकडा 138 च्या आसपास जातो. भारतात 15 ते 49 वयोगटात एचआयव्हीचं प्रमाण सुमारे 0.2 टक्के आहे, म्हणजे पाचशे माणसांमागे एक. जोडीदार कोण, त्याला लागण आहे की नाही हे ठाऊक नसताना झालेल्या एका असुरक्षित योनीसंबंधात लागण होण्याची सरासरी शक्यता यातून काही लाखांत एक अशी निघते. अर्थात सरासरी फसवी असते. जोडीदाराला लागण नुकतीच झाली असेल, कोणाला जननेंद्रियावर जखम असेल, दुसरा एखादा लैंगिक आजार असेल, तर हा धोका कित्येक पटींनी वाढतो. जिथे लागणीचं प्रमाण जास्त आहे अशा गटांत पाचशेमागे एक हे गृहीतकच चालत नाही. पण दिशा कळायला हे गणित पुरेसं आहे. ज्याने संबंधच ठेवला नाही, फक्त चुंबन घेतलं, त्याने या गणितात शिरायचंही कारण नाही.

याच गणिताची दुसरी बाजू क्वचितच कोणी मांडतं. नवऱ्याला लागण आहे, त्याला ते माहीत नाही, औषध नाही, निरोध नाही, आणि वर्षाला शंभर वेळा संबंध येतो. दर वेळी 10,000 मागे 8 हाच दर लावला तरी वर्षाकाठी बायकोला लागण होण्याची शक्यता 8 टक्क्यांच्या जवळ जाते. दोन वर्षांत ती पंधरा टक्क्यांकडे सरकते. तिने काहीही ‘वाईट’ केलेलं नसतं, आणि म्हणूनच कोणाला तिची काळजी वाटत नाही.

हा कागदावरचा हिशेब नाही. पुण्यात 1993 ते 1996 या काळात गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या स्त्रियांचा अभ्यास डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला आणि 1997 साली तो अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आला. त्यात वेश्याव्यवसायात नसलेल्या 391 स्त्रिया होत्या. त्यांच्यापैकी 13.6 टक्के स्त्रियांना एचआयव्हीची लागण झालेली होती. त्यांतल्या बहुतेकींचा आयुष्यात एकच जोडीदार होता, आणि तो म्हणजे नवरा. अभ्यासाचा विषयच एकनिष्ठ विवाहित स्त्रियांमध्ये पसरणारा एचआयव्ही हा होता. हे पुण्यात घडत होतं त्या वर्षांत आपण गावोगाव एड्सच्या भिंती रंगवत होतो आणि त्यांवर ‘जोडीदाराशी एकनिष्ठ राहा’ असं लिहीत होतो. त्या बायका एकनिष्ठच होत्या. निष्ठा एका बाजूची असली तर तिने कोणाचंही रक्षण होत नाही, हे वाक्य मात्र कुठल्याही भिंतीवर आलं नाही.

त्याही आधीची गोष्ट आपल्या विदर्भातली आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग हे दोघंही नागपुरात शिकले आणि गडचिरोलीत गेले. तिथल्या दोन गावांतल्या 650 स्त्रियांची त्यांनी तपासणी केली. 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होते, सरासरीने प्रत्येकीला तीनपेक्षा जास्त. त्याआधी स्त्रीरोगांसाठी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया 8 टक्के होत्या. 1989 साली लॅन्सेटमध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि स्त्रियांचं आरोग्य म्हणजे केवळ बाळंतपण, हा समज त्याने जगभर हलवला. सगळेच आजार संबंधातून आलेले होते असं कोणी म्हणत नाही. पांढरं जाण्याची कारणं अनेक असतात आणि त्यातली बरीचशी साधी असतात. पण ज्यांनी आयुष्यभर ‘शिस्तीत’ संसार केला त्या बायकांच्या अंगात एवढं दुखणं मुकाट साठलेलं होतं आणि ते विचारायला कोणी त्यांच्या दाराशी गेलेलं नव्हतं, हे त्या आकड्यांनी सांगितलं.

कमी धोक्याच्या संबंधांबद्दल बोलताना दुसऱ्या टोकाची चूकही होते, आणि शहरातल्या शिकलेल्या मुलामुलींत ती जास्त दिसते. एचआयव्ही नाही म्हणजे काहीच नाही, असं ते धरून चालतात. ‘आम्ही पूर्ण काही केलं नाही’ असं म्हणतात, आणि त्यात मुखमैथुन धरतच नाहीत. एचआयव्हीपुरतं त्यांचं म्हणणं जवळपास बरोबर आहे. पण लैंगिक आजार वीस-तीस प्रकारचे आहेत आणि प्रत्येकाची वाट वेगळी आहे.

परम्याचे जंतू, म्हणजे गोनोरिया, मुखमैथुनातून घशात जाऊन बसतात आणि बहुधा काहीच लक्षण दाखवत नाहीत. गरमी, म्हणजे सिफिलीस, हा जखमेला स्पर्श झाल्याने होणारा आजार आहे. ती जखम जननेंद्रियावर असते, गुदद्वाराशी असते, कधी ओठावर किंवा जिभेवरही असते. ती दुखत नाही म्हणून लक्षात येत नाही, आणि औषध न घेताही काही आठवड्यांत भरून येते म्हणून माणूस निर्धास्त होतो. आजार मात्र अंगात पुढे सरकत राहतो. लागण झाल्यापासून जखम दिसायला 10 ते 90 दिवस लागू शकतात. एचपीव्ही हा विषाणू कातडीला कातडी घासल्याने पसरतो. त्याच्या काही जातींमुळे जननेंद्रियावर चामखिळी येतात, काहींमुळे पुढे गर्भाशयमुखाचा कर्करोग होतो, आणि घशाच्या काही कर्करोगांचं मूळही तोच आहे. निरोधाने एचपीव्ही आणि हर्पीसचा धोका कमी होतो, पण निरोध जेवढी जागा झाकतो तेवढ्याच जागेपुरता. जांघेच्या केसांतल्या उवा आणि खरूज यांना तर एका अंथरुणात झोपणंही पुरतं. कावीळ ‘ब’ एचआयव्हीपेक्षा कितीतरी सहज पसरते. तिचा विषाणू शरीराबाहेर आठवडाभर तग धरतो, आणि त्यामुळे दुसऱ्याचं ब्लेड वापरणंही धोक्याचं ठरतं.

आणि चुंबनाने पसरणारा एक मोठा संसर्ग म्हणजे हर्पीसचा पहिला प्रकार. तापानंतर ओठाच्या कडेला झोंबणारे बारीक फोड येतात, तोच हा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे पन्नाशीच्या आतल्या जगातल्या 64 टक्के लोकांच्या अंगात तो आहे. बहुतेकांना तो कुठल्या भेटीत मिळाला? लहानपणी, घरातल्याच कोणी लाडाने मुका घेतला तेव्हा. तो मुका घेणाऱ्या आजीला, आत्याला आपण कधी अपराधी ठरवलं नाही, आणि ठरवूही नये. मात्र हाच विषाणू मुखमैथुनातून जननेंद्रियावर गेला की तो ‘घाणेरडा रोग’ होतो, नातं मोडतं, मुलगी रडत दवाखान्यात येते. विषाणू तोच, फोड तसेच, गोळ्याही त्याच.

म्हणून ‘धोका आहे की नाही’ हा प्रश्नच अपुरा आहे. कशाचा, किती, आणि त्यावर उपाय काय, असं विचारावं लागतं. चुंबनात एचआयव्हीचा धोका नाही, हर्पीसचा आहे, क्वचित सिफिलीसचा आहे. मुखमैथुनात एचआयव्हीचा नगण्य, परमा-गरमीचा खरा. हाताने स्पर्श करण्यात जवळपास काही नाही, चामखिळीचा थोडा. परमा आणि गरमी औषधाने पूर्ण बरे होतात. हर्पीस जात नाही, पण सांभाळता येतो. कावीळ ‘ब’ आणि एचपीव्हीवर लस आहे, आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हावॅक ही एचपीव्हीची लस 2023 पासून आपल्याकडे मिळते. एचआयव्हीवर रोजची गोळी आहे. ती नियमित घेऊन रक्तातला विषाणू न सापडण्याइतका खाली गेला, की त्या व्यक्तीपासून संबंधातून लागण होत नाही. हे सिद्ध करण्याच्या वाटेवरच्या एका मोठ्या अभ्यासात 1,763 जोडपी होती आणि पुण्याची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था त्यात सहभागी होती. लवकर औषध सुरू केल्याने जोडीदाराला होणारी लागण 96 टक्क्यांनी घटते, हे 2011 साली त्यातून पुढे आलं.

एवढं सगळं शांतपणे सांगायला दहा मिनिटं लागतात. ती दहा मिनिटं आपल्याकडे का मिळत नाहीत?

याचं उत्तर शोधताना मला दर वेळी र. धों. कर्वे आठवतात. महर्षी कर्व्यांचा हा मुलगा गणिताचा प्राध्यापक होता. 1921 साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, पुढे ‘गुप्तरोगांपासून बचाव’ हे पुस्तक लिहिलं, नोकरी सोडावी लागली तरी काम सोडलं नाही, आणि जुलै 1927 पासून 1953 साली मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं. त्या मासिकात वाचकांचे प्रश्न येत. हस्तमैथुनाने शरीर खंगतं का, समलिंगी आकर्षण म्हणजे काय, असे. कर्वे त्यांना सरळ, तोकड्या, रुक्ष वाटाव्यात अशा वाक्यांत उत्तरं देत. 1934 साली त्या उत्तरांवरूनच त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, आणि त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. बाबासाहेबांच्या युक्तिवादाचा गाभा असा होता की वाचकाने लैंगिक विषयावर प्रश्न विचारला म्हणून तो विषय अश्लील होत नाही. लोकांना शंका आहेत, त्या शास्त्रीय माहितीनेच दूर होतील, आणि शंकेला उत्तर देणं हा गुन्हा असेल तर ज्ञान पोचायचं कोणत्या वाटेने? न्यायालयाने ते मानलं नाही. कर्व्यांना 200 रुपये दंड झाला.

दीक्षाभूमीच्या या शहरात बाबासाहेबांची पुस्तकं दरवर्षी ढिगांनी विकली जातात. त्यांनी लढलेला हा खटलाही त्यांच्या कामाचा भाग म्हणून इथे सांगितला गेला पाहिजे. ते हरले तेव्हा केवळ कर्वे हरले नाहीत, प्रश्न विचारणारा वाचक हरला. आज दवाखान्याच्या दारात थांबून विचारणारा मुलगा त्याच वाचकाचा नातू-पणतू आहे. त्याच्या आजोबाला उत्तर देणाऱ्याला दंड झाला, आणि त्याला स्वतःला शाळेत काही कळण्याचा मार्ग 2007 साली बंद झाला. त्या वर्षी महाराष्ट्राच्या विधिमंडळात गदारोळ झाला आणि शाळांतलं लैंगिक शिक्षण थांबवण्यात आलं. तरीही काम करणारे थांबले नाहीत. डॉ. राणी बंग यांचा ‘तारुण्यभान’ हा उपक्रम गडचिरोलीतून निघून महाराष्ट्रभर फिरला. पण एखाद्या संस्थेने कितीही मुलं गाठली तरी राज्याने टाकलेली जबाबदारी तिला पेलणार कशी?

आणि राज्याने सोडलेली ती जागा रिकामी राहत नाही. रेल्वेने नागपुरात शिरताना रुळांकडेच्या भिंती वाचा. धातू, कमजोरी, गुप्तरोग, शर्तिया इलाज. 1954 च्या औषधे व जादूई उपाय कायद्याने गुप्तरोग बरे करण्याच्या जाहिराती करायला बंदी आहे, तरी चुन्याने रंगवलेली ही अक्षरं पिढ्यान्‌पिढ्या पुसली जात नाहीत. त्या जाहिरातवाल्यांकडे जाणाऱ्या माणसाला बहुधा काहीही झालेलं नसतं. स्वप्नदोषाला, हस्तमैथुनाला रोग समजून तो जातो, हजारो रुपयांच्या पुड्या घेऊन येतो. ज्याला खरंच परमा झालेला असतो तोही कधी तिथे जातो, कधी औषधाच्या दुकानात काउंटरवर दोन गोळ्या मागतो. अर्धवट औषधाने जंतू निर्ढावतात, आणि परम्याचा जंतू तर एकामागून एक प्रतिजैविकांना दाद देईनासा झालेला आहे.

ज्याला आपण धोक्याचं ठिकाण समजतो त्याबद्दलही दोन शब्द बोललं पाहिजे. ऑगस्ट 2021 मध्ये नागपूर पोलिसांनी गंगा-जमुना या वेश्यावस्तीकडे जाणारे रस्ते अडवले, जमावबंदी लावली. त्यामागे पोलिसांची कारणं काय होती आणि ती किती खरी होती, हा वेगळा वाद आहे. त्या वेळी शहरात जे बोललं गेलं त्यात ‘रोगाचं माहेरघर बंद झालं’ असा एक सूर होता, आणि तो मला काळजीचा वाटला. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या नियमांप्रमाणे वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांची दर तीन महिन्यांनी तपासणी आणि दर सहा महिन्यांनी एचआयव्ही व सिफिलीसची चाचणी व्हावी लागते. त्यासाठीचा पाठपुरावा त्यांच्यातल्याच बाया दारोदार जाऊन करतात. निरोधाबद्दल त्यांना जेवढं माहीत असतं तेवढं धरमपेठेतल्या किती घरांत माहीत असेल? सांगलीत ‘संग्राम’ या संस्थेने आणि ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषदे’ने तीस वर्षं हेच दाखवून दिलं की या स्त्रियांना मान दिला तर आजार रोखण्याच्या कामात त्याच सगळ्यात पुढे असतात. वस्तीचे रस्ते अडवले की त्या पांगतात, त्यांच्यापर्यंत पोचणाऱ्या कार्यकर्त्या त्यांना शोधत फिरतात, आणि गिऱ्हाईक मात्र रात्री आपापल्या घरी जातच असतं.

समलिंगी पुरुषांच्या वाट्याला हाच चुकीचा हिशेब वेगळ्या रूपात येतो. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधले समलिंगी संबंध गुन्ह्यातून काढले. ओपीडीतला प्रश्न मात्र अजून तोच आहे, “लग्न झालंय का?” नाही म्हटलं की संबंध नसणारच असं धरून पुढचं पान उलटतं. झालंय म्हटलं तर बायकोशीच असणार. या एका प्रश्नाने दोन माणसं सुटतात. एक तो, ज्याचा धोका दहा हजारांत 138 पर्यंत असू शकतो. दुसरी त्याची बायको, असली तर. तोंडाने, योनीतून, गुदमार्गातून, असं स्पष्ट विचारल्याशिवाय डॉक्टरला घसा तपासायचा की रक्त पाहायचं हेही कळत नाही. हे विचारायला धीर लागतो, आणि ते शिकवायचं काम वैद्यकीय महाविद्यालयांचं आहे.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो घेणारे सगळेच ढोंगी नसतात. मुलीची काळजी करणारी आई तो घेते. ती म्हणते, चुंबनाने एड्स होत नाही असं छापून सांगितलं, अमुक संबंधात धोका कमी आहे असं सांगितलं, तर मुलं मोकाट सुटतील. भीती आहे ती बरी. मला त्या आईला उत्तर द्यायचं आहे. भीतीने मुलं थांबली असती तर दारात थांबून प्रश्न विचारणारा मुलगा आलाच नसता. भीतीने ती कृती थांबत नाही, तिच्यानंतर विचारणं तेवढं थांबतं. शिवाय सगळंच सारखं भयंकर आहे असं एकदा सांगून टाकलं, की चुंबनातून काही झालं नाही हे कळल्यावर तो मुलगा बाकीचंही खोटंच धरतो. तुम्ही पहिली गोष्ट वाढवून सांगितली म्हणून तो दुसरी खरी गोष्ट ऐकत नाही. ज्याला ठाऊक आहे की जे हातांनी आणि मिठीने भागतं त्यात धोका जवळपास नाही, आणि निरोधाशिवायच्या संबंधात तो आहे, त्याच्याकडे निवडायला काहीतरी असतं. ‘सगळंच पाप’ म्हणून वाढलेल्याकडे काहीच नसतं. एकदा पाऊल घसरलंच आहे तर आता काय, असं म्हणून तो पुढे जातो. मुलांनी काय करावं आणि कधी करावं, हे आईबापांनी आपल्या मूल्यांप्रमाणे जरूर सांगावं. त्यासाठी विज्ञान वाकवू नये.

आणि ज्यांना आज, आत्ता काळजी वाटते आहे, त्यांच्यासाठी सरळ सांगतो. नागपुरात मेडिकल आणि मेयो या रुग्णालयांत आणि इतर शासकीय रुग्णालयांत एचआयव्हीची तपासणी मोफत होते. केंद्रात गेल्यावर आधी समुपदेशक भेटतात, बंद खोलीत बसून काय झालं ते विचारतात, संमती घेतात. मग थोडं रक्त घेतलं जातं. पहिली चाचणी नॉन-रिॲक्टिव्ह आली तर तेवढ्यावर काम संपतं. ती रिॲक्टिव्ह आली तरी लगेच निदान सांगत नाहीत, वेगवेगळ्या तत्त्वांवरच्या आणखी दोन चाचण्या करून मगच निष्कर्ष देतात. रिपोर्ट तुमच्याच हातात येतो, आणि पुन्हा समुपदेशक बसतात. 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याप्रमाणे, त्यातले मोजके अपवाद सोडले तर, तुमच्या संमतीशिवाय ही तपासणी करता येत नाही आणि तिचा निष्कर्ष दुसऱ्या कोणाला सांगता येत नाही. खरोखर धोक्याचा संबंध आला असेल तर 72 तासांच्या आत डॉक्टरांकडे जा, 28 दिवसांचं औषध लागण टाळू शकतं. तपासणी लगेच करून समाधान मिळणार नाही. चौथ्या पिढीची लॅबमधली चाचणी 45 दिवसांनी, साधी तत्काळ चाचणी तीन महिन्यांनी केली आणि मधल्या काळात नवा धोका नसला, तर तो निकाल शेवटचा समजा आणि पुन्हा तपासू नका. जखम, फोड, पू, लघवीला जळजळ, घाण वासाचं पांढरं यांपैकी काही असेल तर त्वचा व गुप्तरोग विभागात किंवा स्त्रीरोग विभागात दाखवा, आणि जोडीदारालाही घेऊन जा, कारण एकट्याने घेतलेल्या औषधाने आजार पुन्हा घरात येतो.

नवऱ्यांना माझी वेगळी विनंती आहे. लग्नाआधी किंवा लग्नानंतर कधीही, कुठेही, कोणाशीही असुरक्षित संबंध आला असेल, तर एकदा स्वतःहून जाऊन एचआयव्हीची आणि सिफिलीससाठीची व्हीडीआरएल चाचणी करून घ्या. बायको गरोदर राहिल्यावर तिच्या रक्तात ते पहिल्यांदा कळावं, अशी वेळ तिच्यावर आणू नका. कोणाला तोंड दाखवायची लाज वाटत असेल त्याने 1097 या क्रमांकावर फोन करावा. तो फोन मोफत आहे, तिथे मराठीत बोलता येतं आणि नाव सांगावं लागत नाही.